सात पायांची म्हातारी

नाताळ जवळ आला की वसईतल्या ख्रिस्ती घरांत पोरांचे हात रिकामे सापडत नाहीत. बांबूच्या कामट्या, जिलेटिनचा कागद, मैद्याची खळ, आणि पाचांपैकी एक टोक हमखास वाकडं असलेला तारा. गोठ्याचा डोंगर करायला चुरगळलेला खाकी कागद, नदीला आरशाचा तुकडा. मग दोन महिने जातात, राखेचा बुधवार येतो, त्याच पोरांच्या कपाळावर राखेचा क्रूस उमटतो आणि पुढचे सहा-साडेसहा आठवडे त्यांच्या कानावर मुख्यतः ‘नको’ हा शब्द पडत राहतो. मटण नको, चॉकलेट नको, मोठ्याने गाणी नकोत, मोबाइल तर नकोच. हातांना काम मात्र कुणी देत नाही.

खरं म्हणजे उपवासकाळाचा कायदा मुलांना बांधतच नाही. कॅथलिक चर्चच्या नियमांप्रमाणे मांसवर्जनाचं बंधन चौदाव्या वर्षापासून आणि उपवासाचं अठराव्या वर्षापासून. म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात पुढच्या बाकांवर बसणारी बहुतेक मुलं या चाळीस दिवसांच्या बाहेरच उभी असतात. आई उपाशी, आजी उपाशी, आणि आपण बिस्कीट खातोय, एवढंच त्यांना कळतं. त्यांना आत यायला एखादं दार हवं. ते कागदाचं असलं तर उत्तम, कारण कागद स्वस्त असतो आणि चुकला तर दुसरा घेता येतो.

मुलांसाठी उपवासकाळातल्या कागदकामाचं हे पुस्तक तयार होत असताना त्याची प्रस्तावना लिहायचं माझ्याकडे आलं, ते मी बरीच वर्षं रविवारचा वर्ग घेतला म्हणून. त्या वर्षांपैकी पहिली काही मी चुकीचं काम करून घेत होते. नाताळचीच रीत पुढे चालवली होती. क्रुसाला चमकी, कोकराला कापूस, काट्यांच्या मुकुटाला सोनेरी कागद. सगळं दिसायला छान, पालक खूष. पण शुभ शुक्रवारी वर्गाच्या भिंतीकडे पाहिलं की तिथे एखाद्या वाढदिवसाची तयारी चालल्यासारखं वाटायचं. नेमकं काय चुकतंय ते मला एका ग्रीक म्हातारीने शिकवलं.

तिचं नाव किरा साराकोस्ती. किरा म्हणजे बाई, मालकीणबाई. ग्रीसमध्ये ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या आरंभी मुलं घरी कागदावर एक बाई काढतात आणि कापून भिंतीवर लावतात. डोक्याला रुमाल, वर क्रूस, हात छातीशी जोडलेले. तिला तोंड नसतं, कारण ती उपाशी आहे; काही आज्या म्हणतात, कारण या दिवसांत चहाड्या करायच्या नसतात. आणि तिला पाय सात. दर शनिवारी एक पाय कापायचा. सातवा पाय कापला की ईस्टर उद्यावर आलेला असतो. तो शेवटचा पाय घडी घालून सुक्या अंजिरात किंवा अक्रोडात लपवतात, आणि ज्याच्या वाट्याला तो येईल तो भाग्यवान. काही ठिकाणी ही बाई पिठामिठाची करतात. पोंटसकडच्या ग्रीकांकडे तर बाईसुद्धा नसे, एक बटाटा असे: त्यात सात पिसं खोचून तो छताला टांगायचा आणि आठवड्याला एक पीस उपटायचं. घरोघरी छापील दिनदर्शिका नव्हती तेव्हा आठवडे मोजायची ही सोय होती.

भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनमधल्या कॅटलोनियात, तिची सख्खी बहीण राहते. वेल्या क्वारेज्मा, म्हणजे म्हातारी क्वारेज्मा. हिलाही सात पाय. हिच्या हातात मात्र खारवलेला कॉड मासा असतो, कारण मांस वर्ज्य असलेल्या दिवसांत तिकडच्या घरांत तोच शिजायचा. शाळेतली मुलं आठवड्याला तिचा एक पाय काढून टाकतात.

नावांचीही गंमत आहे. ग्रीक साराकोस्ती, कॅटलन क्वारेज्मा आणि आपल्या गोव्यातलं कोंकणी कोरेज्म, तिन्ही शब्दांच्या पोटात एकच अर्थ: चाळिसावा. गोव्यातल्या शब्दाने पोर्तुगीजातून प्रवास केला, एवढाच फरक. इंग्रजी लेंट या शब्दाला चाळीसचं काही देणंघेणं नाही. तो वसंतात दिवस मोठा होत जातो त्यावरून आलेला आहे. आपण मराठीत उपवासकाळ म्हणतो किंवा प्रायश्चित्तकाळ. दोन्ही शब्द भारदस्त आणि सात वर्षांच्या मुलाला दोन्ही अवघड. त्याला ‘चाळीस’ कळतं.

ही म्हातारी पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की नाताळची कला चिकटवण्याची आहे आणि उपवासकाळाची कापण्याची. तिथे खळ लागते, इथे कात्री. रोज थोडं कमी होत जाणारी वस्तू मुलाच्या हाती दिली की ‘त्याग’ हा शब्द न उच्चारता वर्ग पुढे सरकतो. या पुस्तकातले जे नमुने मला आवडले त्या सगळ्यांत काहीतरी कापायचं, झाकायचं, पुरायचं किंवा रिकामं करायचं आहे. ज्यांत नुसतं सजवायचं आहे ते नसते घेतले तरी चाललं असतं, असं माझं मत. संपादकांचं तसं नाही.

आता हिशोब, कारण मुलं पहिल्याच रविवारी तो विचारतात. आपल्याकडे राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. ग्रीकांचा हिशोब वेगळा. त्यांचा उपवास बुधवारी नव्हे, सोमवारी सुरू होतो. त्याला ते स्वच्छ सोमवार म्हणतात आणि त्या दिवशी घरची सगळी माणसं माळावर जाऊन पतंग उडवतात. (आपले पतंग संक्रांतीलाच संपलेले असतात. उपवासाची सुरुवात पतंगाने करायची, ही कल्पना मला अजून पचलेली नाही, पण हेवा वाटतो.) ते रविवार वगळत नाहीत; सोमवारपासून सलग चाळीस मोजतात आणि वर लाझरसचा शनिवार, झावळ्यांचा रविवार व पवित्र आठवड्याचे सहा दिवस, असे एकूण 48 होतात. पण शनिवार मोजून पाहा: त्यांच्याकडेही सात, आपल्याकडेही सातच. त्यामुळे म्हातारी वसईत आणताना तिचा एकही पाय कमीजास्त करावा लागला नाही.

बाकी बदल केले. आमच्या वर्गातली म्हातारी लाल लुगड्यातली होती आणि तिच्या हातात कॉडऐवजी सुका बोंबील. हे सुचवलं एका मुलीने, मी नव्हे. तोंड नसलेली आजी मुलांना पटेना. “मग ती रोझरी कशी म्हणते?” असा प्रश्न आला, तेव्हा मनात म्हणते असं ठरलं. एका मुलाने दुसऱ्याच आठवड्यात घरी बसून उरलेले सगळे पाय कापून टाकले. परीक्षा लवकर संपावी म्हणून, असं त्याचं म्हणणं. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. त्याने पुढच्या रविवारी पाच पाय कोऱ्या कागदाचे करून मागून टाचणीने लावून आणले, ते आम्ही तसेच ठेवले.

कागदी साखळी सगळ्यांना येते, तिच्याबद्दल फार लिहीत नाही. फक्त रंग जपा. उपवासकाळाचा रंग जांभळा, पण चौथ्या रविवारी धर्मगुरूंचा झगा गुलाबी असतो आणि झावळ्यांच्या रविवारी व शुभ शुक्रवारी लाल. आज्ञा गुरुवारी संध्याकाळी पांढरा. साखळीच्या 46 कड्यांत हे रंग आपापल्या जागी आले की मूल मिस्साच्या वेळी वेदीकडे बघायला लागतं, रंग जुळतोय का ते तपासायला. रोज एक कडी फाडायची. फाडलेली कडी टाकून न देता तिच्या आतल्या बाजूवर आधीच लिहिलेलं छोटं काम वाचायचं, अशी सूचना पुस्तकात आहे. कामं लिहिताना मोठ्यांनी हात आखडता घ्यावा. “आज कुणावरही रागावू नकोस” हे काम मला स्वतःला चाळिसांपैकी एकाही दिवशी जमलेलं नाही.

पुरण्याचं काम जास्त रंगतदार आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत आपल्या उपासनेत ‘आलेलुया’ म्हणत नाहीत. मोठ्यांच्या हे ध्यानातही येत नाही. शब्द नुसता गळून पडतो. पण मध्ययुगीन युरोपात त्याची रीतसर पाठवणी होत असे. फ्रान्समधल्या तूल या गावी पंधराव्या शतकात चर्चच्या गायकमंडळातली पोरं क्रूस, दिवट्या, पवित्र पाणी आणि धूप घेऊन मातीचं एक ढेकूळ अंत्ययात्रेसारखं मिरवत नेत आणि पुरत. ते ढेकूळ म्हणजे आलेलुया. उपवासकाळाच्या आधीच तिकडे हा शब्द थांबवत. काम मुलांकडे होतं हे मला विशेष वाटतं. जगभरच्या पॅरिशांत आज मुलं लांब पट्टीवर हा शब्द रंगवतात, गुंडाळतात, पेटीत घालतात आणि पेटी अंगणात पुरतात किंवा वेदीखाली ठेवतात. ईस्टरला ती निघते.

आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा पेटी घेतली नाही. कागद केळीच्या पानात गुंडाळून चर्चमागच्या वाडीत पुरला, मोठ्या गांभीर्याने, हळू आवाजात गाणं म्हणत. सहा-सात आठवड्यांनी खणलं तर वाळवीने सगळा आलेलुया खाल्लेला. उरलं होतं ते शेवटचं अर्धं ‘या’. पोरं खो-खो हसली. मग ईस्टरच्या सकाळी मिस्साआधी पंधरा मिनिटांत नवा लिहिला आणि रंग ओला असतानाच हातांत धरून आत नेला, एकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ‘लु’ उमटला. वसईच्या वाडीत पुरायचं असेल तर बिस्किटाचा पत्र्याचा डबा घ्या. पुस्तकात हे ठळक छापायला मी सांगितलं आहे.

झाकण्याची परंपरा आपल्या मुलांच्या ओळखीची आहे: उपवासकाळाच्या अखेरच्या दोन आठवड्यांत बऱ्याच चर्चांत पुतळ्यांवर जांभळं कापड येतं. जर्मन भाषेच्या मुलखात याहून मोठं झाकण असे. आख्खी वेदी दिसेनाशी करणारा पडदा, उपवासाचा पडदा किंवा भुकेचं कापड. त्यावर चौकटी-चौकटींत बायबलच्या गोष्टी रंगवत. झिटाउ या गावचा पडदा 1472 सालचा आहे, सुमारे 8 मीटर उंच आणि जवळजवळ 7 मीटर रुंद, त्यावर 90 चित्रं: निम्मी जुन्या करारातली, निम्मी नव्या करारातली. 1945 मध्ये युद्ध संपताना सोव्हिएत सैनिकांनी त्याचे चार तुकडे करून रानातल्या एका बाष्पस्नानाच्या खोपटात लावले. वाफेने रंग विटले, कापड वाचलं. नंतर ते जोडून, दुरुस्त करून आज तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये काचेमागे ठेवलेलं आहे.

ही रीत जवळपास विसरली गेली होती. मिझेरेओर ही जर्मन कॅथलिक मदतसंस्था आहे, तिने 1976 मध्ये ती पुन्हा सुरू केली आणि पहिला पडदा काढायला दिला तो एका भारतीय चित्रकाराला, ज्योती साही यांना. साहींचा जन्म पुण्याचा, 1944 चा. म्हणजे जर्मन चर्चांत पुन्हा टांगल्या गेलेल्या भुकेच्या कापडाचा धागा पुण्यापर्यंत येतो, आणि हे पुण्यातल्या किती पॅरिशांत माहीत आहे? या पुस्तकात त्याचा कागदी अवतार आहे. प्रत्येक मुलाने तळहाताएवढा एकेक चौकोन रंगवायचा, मागून चिकटपट्टीने जोडायचे आणि तयार झालेला पडदा वर्गातल्या चित्रापुढे टांगायचा. आपण काढलेलं चित्र दुसरं काहीतरी झाकण्यासाठी वापरलं जातंय, हे मुलांना आधी विचित्र वाटतं. पडद्यामागे काय आहे हे माहीत असूनही ती रोज डोकावून बघतात.

क्रुसाच्या वाटेसाठी एक घडी सांगते, ती पुस्तकात नाही, माझ्या पदरची आहे. लंबोळका कागद घ्या. एकदा दुमडा, दोनदा, तीनदा, चारदा. उघडला की सोळा खण. क्रुसाच्या वाटेवरची स्थानं चौदा. हा आकडा 1731 मध्ये बाराव्या क्लेमेंट पोपनी पक्का केला, त्याआधी ठिकठिकाणी कमीजास्त असत. पहिल्या खणावर मुलाचं नाव, पुढे चौदा स्थानं, आणि सोळावा खण उरतो. तो कोरा ठेवायचा. ईस्टरला त्यात काय काढायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या वर्गात एकाने नुसतं गोल भोक पाडलं होतं आणि विचारल्यावर म्हणाला, “कबर उघडी आहे.” घड्या खाली-वर पंख्यासारख्या घातल्या की पट्टी खिशात मावते.

स्थानं काढताना खिळे, रक्त आणि चाबूक यांवर मुलांना रेंगाळू देऊ नये, असं मला वाटतं. त्यांचा ओढा असतोच तिकडे, विशेषतः मुलग्यांचा. पण जरा थांबून पाहिलं तर पाचव्या स्थानाला कुरेनेकर शिमोन क्रुसाला खांदा देतो आणि सहाव्याला वेरोनिका रुमाल पुढे करते. मदत करणारी माणसं काढताना मुलं जास्त वेळ घेतात. वेरोनिकाचा रुमाल टिश्यू पेपरचा चिकटवायला द्या. हे एवढं चिकटवणं मला मान्य आहे.

याच संदर्भात एका जुन्या युक्तीवर राग काढते. कागदाची वरची दोन्ही टोकं आळीपाळीने समोरच्या कडेला दुमडून घरासारखा त्रिकोण करायचा, मग उभा अर्धा घालायचा आणि घडीच्या कडेला समांतर एकच काप द्यायचा. मधला तुकडा उघडला की सुंदर क्रूस निघतो. एवढ्यावर थांबलं तर ही जादूच आहे, आणि पुस्तकात ती घेतलीही आहे. पण परदेशातून आलेल्या रविवार-शाळांच्या पुस्तकांत गोष्ट पुढे जाते: उरलेल्या कपट्यांतून इंग्रजी अक्षरं जुळवून नरक हा शब्द दाखवायचा, म्हणजे ज्याने दुसऱ्याचा कागद मागून घेतला त्याची गत काय झाली ते पोरांना कळतं. सुदैवाने देवनागरीत ते तुकडे जुळत नाहीत. कपटे मुलांना घरी नेऊ द्या, पाखरं होतात, होड्या होतात.

राहिली पेटी. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या ॲलनटाउन धर्मप्रांतातल्या लोकांनी 1975 मध्ये आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी उपवासकाळात एक साधी गोष्ट सुरू केली: जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची घडीची पेटी ठेवायची, एक जेवण साधं करायचं आणि वाचलेले पैसे तिच्यात टाकायचे. नाव दिलं भाताचा वाडगा. दोनच वर्षांत कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या संस्थेने ती देशभर नेली. जमलेल्या पैशांतला पाव हिस्सा आपल्याच धर्मप्रांतातल्या भुकेल्यांसाठी राहतो, बाकीचा बाहेर जातो. सपाट पुठ्ठा मुलाने स्वतः दुमडून पेटी उभी करायची, हे त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं. तयार डबा आणून दिला तर तो डबाच राहतो. पुस्तकातल्या पेटीला मी एकच फेरफार सुचवला. नाण्यांच्या खाचेशेजारी आणखी एक रुंद खाच ठेवा, मूठभर तांदूळ जाईल अशी. आपल्या घरांत अजून तांदूळ मोजून काढले जातात.

कागद विकत आणू नका. उपवासकाळात आपल्याकडे लग्नं लागत नाहीत, त्यामुळे आधीच्या महिन्यांत ती दाटीवाटीने उरकलेली असतात आणि प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो. जाड, पाठकोरा, काहींना सोनेरी कड. म्हातारीच्या पायांना असा कागद नामी. दिनदर्शिकेची उलटलेली पानं साखळीला चालतात. झावळ्यांच्या रविवारचे विणलेले क्रूस मात्र कागदाचे करू नका. ते नारळाच्या किंवा खजुरीच्या पातीचेच हवेत, कारण पुढच्या वर्षी तेच वाळलेले क्रूस चर्चमध्ये परत नेऊन जाळतात आणि त्यांचीच राख कपाळाला लागते.

आणखी एक अडचण खरी आहे. राखेचा बुधवार लवकरात लवकर 4 फेब्रुवारीला आणि उशिरात उशिरा 10 मार्चला येतो. तो कधीही आला तरी पुढचे आठवडे शाळेच्या परीक्षांवर आदळतात. म्हणून इथलं कुठलंही काम वीस मिनिटांच्या वर जाऊ नये असा आग्रह मी धरला. दोन-तीन नमुने तरीही लांबले आहेत. ते धाकट्यांना द्या, ज्यांची परीक्षा तोंडीच असते.

शेवटच्या पायाचं काय, ते सांगायचं राहिलं. अंजीर आमच्याकडे महाग, आणि अक्रोड पोरं दाराच्या फटीत फोडतात तेव्हा बोटंही सापडतात. खूप विचार करून आम्ही सुकेळी घेतली. राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, सुक्या पानात बांधलेली वसईची सुकेळी. पवित्र शनिवारी दुपारी एका पुडक्याच्या दोऱ्याखाली तो घडी घातलेला कागदी पाय सरकवला आणि सगळी पुडकी एका टोपलीत कालवली. ईस्टरच्या मिस्सानंतर मुलांनी ती उघडली. पाय ज्याला मिळाला त्याने आधी सुकेळी संपवली, बोटं चाटली, मग चिकट झालेला कागद उलगडून विचारलं, “बाई, आता ही पुढच्या वर्षी पुन्हा सात पायांची होणार ना?”